सलाइनची बाटली

रुचिकाच्या वर्गाला या सत्रात एक चिंतन लिहून द्यायचं होतं. विषय होता 'समाजमाध्यमं, मी आणि बदलती डिजिटल साक्षरता'. सरांनी फळ्यावर विषय लिहिला आणि खाली पायऱ्या दिल्या. मेसेज आला की आधी थांबा, कुठून आला ते बघा, दुसरीकडे पडताळा, मगच पुढे पाठवा. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाच्या त्या हुशार पोरांनी फळ्याचा फोटो काढला आणि सर वर्गाबाहेर पडायच्या आत तो ग्रुपवर पाठवूनही दिला. वाचला किती जणांनी ते विचारू नका. रुचिकाने फोटो काढला नाही. तिला हे सगळं पाठ होतं, आणि त्या आठवड्यात तर यातला एकेक शब्द ऐकून तिचं टाळकं सटकत होतं.

झालं होतं असं. मंगळवारी कॅन्टीनमध्ये दिशाने तिच्या नाकासमोर फोन धरला. दिशा तिची मैत्रीण, वर्सोव्याजवळच्या सात बंगला भागातल्या शुभांकर सोसायटीत राहणारी.

"ए, हे बघ ना. रविवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. किती घाण यार. तुमच्या वर्सोव्याचं आहे का गं हे?"

व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा होता. एका बाईचे नुसते हात दिसत होते, चेहरा नाही. पाटीत ओळीने मांडलेली पापलेटं, हातात प्लास्टिकची सलाइनची बाटली, आणि तिच्या झाकणातून माशांवर पडणारी बारीक धार. मागे भुताच्या सिनेमातलं संगीत वाजत होतं. मशीनच्या आवाजातली एक बाई सांगत होती की शिळी मासळी ताजी दिसावी म्हणून तिला हॉस्पिटलातलं केमिकल मारतात, त्याने किडन्या जातात, आणि आपल्या मुलांवर प्रेम असेल तर हा व्हिडिओ प्रत्येक आईपर्यंत पोचवा.

रुचिकाने ते शेवटपर्यंत ऐकलंच नाही. मनगटावर गोंदलेली तुळस आणि डाव्या करंगळीचं वाकडं टोक दिसल्यावर तिला आणखी काही बघायची गरज नव्हती. त्या हातांचा मार खात ती मोठी झाली होती.

"ही माझी आई आहे," ती म्हणाली.

दिशाने फोन खाली घेतला.

"पाठवला कोणी?"

"टिपणीस काकूंनी. तिसऱ्या मजल्यावरच्या."

ते नाव ऐकलं आणि रुचिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मृणालिनी टिपणीस म्हणजे कोणी परकी बाई नव्हे. बँकेतून निवृत्त झालेली, मासळीवर जीव असलेली, रुचिकाच्या आईची, पार्वतीची, सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. पार्वती वर्सोव्याच्या बंदरावर लिलावात मासळी घेऊन बुधवार, शुक्रवार आणि रविवारी पाटी डोक्यावर घेऊन शुभांकरमध्ये जायची, ते रुचिका बालवाडीत होती तेव्हापासून. काकू एकेका माशाचा कल्ला उचलून लाल आहे का बघणार, पोट दाबून बघणार, वास घेणार, आणि मगच भाव विचारणार. पार्वतीला त्याचा राग नव्हता. बघून घेणारी बाई पुन्हा येते, असं ती म्हणायची. अशी ही बाई, आणि ज्या हातांतून इतकी वर्षं मासळी घेतली ते हात तिला अर्धं मिनिट बघून ओळखता आले नाहीत. कदाचित अर्धं मिनिटही बघितलं नसेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं पूर्वी म्हणत. आता जिभेलाही कष्ट नकोत, अंगठा पुरतो.

आता त्या बाटलीचं. मासळीवर सतत पाणी मारावं लागतं, नाहीतर ती सुकते आणि काळवंडते. तांब्याने मारलं तर पाटीत डबकं होतं. सलाइनची रिकामी बाटली मऊ असते, झाकणाला सुईचं भोक आयतंच असतं, दाबली की हवी तेवढीच धार येते. म्हणून कोळीवाड्यातल्या निम्म्या बायका दवाखान्यातून त्या बाटल्या मागून आणतात, उकळत्या पाण्याने धुतात आणि वर्षभर वापरतात. त्यावरची निळी अक्षरं खरवडून काढावीत असं कुणालाच कधी वाटलं नाही, कारण बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं की आत पाणी आहे. चूक म्हणायची तर एवढीच.

संध्याकाळी रुचिकाने आईला व्हिडिओ दाखवला. पार्वती कोयता धुवत होती. तिने ओल्या हातांनीच फोन घेतला, बघितला आणि हसत सुटली.

"पान्याचा पिच्चर काढला? येडा हाय का कोन?"

"आई, हसू नको. उद्या बाटली नेऊ नकोस. तांब्या ने."

"का? मी काय चोरी केली?"

"चोरी केली नाहीस म्हणूनच सांगतेय ना. लोक बघतायत हे."

"बघू दे. शुभांकरची मानसं मना आज ओलखतात का?"

बुधवारी ती बाटली घेऊनच गेली. श्रावण पाळलेली घरं गौरी-गणपती गेले की मासळीवर तुटून पडतात. वर्षातला सगळ्यात चांगला आठवडा. पाटी भरलेली होती, पापलेटं, सुरमई, वर थोडे बोंबील. शुभांकरच्या गेटवर वॉचमनने तिला अडवलं. 'मासळीविक्रेत्यांना प्रवेश नाही' असा कागद गेटला डकवलेला होता, आणि मासळी घेऊन तिथे येणारी ती एकटीच. तेवढ्यात सेक्रेटरी नंदकिशोर चालायला निघालेले तिथे आले. त्यांनी पाटीत डोकावून बघितलं, बाटली दिसली, आणि साहेबांनी तिथल्या तिथे पार्वतीचा फोटो काढला. चेहऱ्यासकट, बाटलीसकट. ती पदर सारखा करेपर्यंत फोटो ग्रुपवर गेला होता. खाली ओळ होती: 'व्हिडिओतली बाई हीच. आपल्याकडे येत होती. सर्वांनी सावध राहावे.'

पार्वती भरली पाटी घेऊन परत आली. बर्फ संपला होता. तिने दुपारी गल्लीतच मिळेल त्या भावाला मासळी देऊन टाकली आणि कुणाशी बोलली नाही. पार्वती गप्प बसली म्हणजे घर हादरतं. रुचिकाला सकाळचा फोटो दिशाने आधीच पाठवला होता. त्याखाली अंगठे होते, हात जोडलेले होते, 'थँक्यू नंदूजी' होतं. चव्वेचाळीस फ्लॅटांच्या त्या ग्रुपमध्ये निदान दहा घरांत आदल्या रविवारीही तिच्या आईने कापून दिलेली मासळी शिजली होती. त्यातल्या एकाने लिहू नये? एकाने? सगळे आपले कानावर हात ठेवून बसले. आणि टिपणीस काकू तर ऑनलाइन दिसत होत्या.

रुचिका तडक निघाली. गेटवर दिशाने तिला आपली पाहुणी म्हणून आत घेतलं. काकूंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला.

"ये ये. मीच फोन करणार होते तुझ्या आईला. काय गं हे सगळं."

"तुम्ही पाठवलात तो व्हिडिओ."

"अगं, मला आमच्या बँकेच्या ग्रुपवर आला. मला काय माहीत पार्वतीचे हात आहेत ते? लोकांच्या भल्यासाठी पाठवला. आणि हे फॉरवर्ड-बिरवर्ड तूच तर शिकवलंस मला लॉकडाऊनमध्ये."

हे खरं होतं. लॉकडाऊनमध्ये मासळी खाली ठेवून जायची तेव्हा फोनवरून पैसे कसे पाठवायचे, फोटो कसा पाठवायचा, हे शाळकरी रुचिकाने काकूंना जिन्यातून ओरडून शिकवलं होतं. पण चमचा धरायला शिकवणाऱ्याने विष खाऊ नको हेही सांगायचं असतं का? तेही तीन भाषांत पेपर वाचणाऱ्या बाईला? रुचिकाने दात आवळले.

"मग आता माहीत झालं ना. आज फोटोही बघितलात. ग्रुपवर एक ओळ लिहा, ही पार्वती आहे, मी तिला ओळखते, बाटलीत पाणी असतं. बस."

काकू चष्मा शोधू लागल्या. सापडल्यावर त्यांनी फोन घेतला, बराच वेळ काहीतरी केलं आणि विजयी मुद्रेने स्क्रीन रुचिकाकडे वळवली.

"हे बघ. डिलीट केला. गेला. झालं समाधान?"

रुचिकाने बघितलं. काकूंनी 'डिलीट फॉर मी' दाबलं होतं. व्हिडिओ रविवारचा, सगळ्यांच्या फोनमधून काढायची मुदत कधीच टळून गेली होती.

"काकू, तो फक्त तुमच्या फोनमधून गेला. बाकी सगळ्यांकडे आहे."

"असू दे गं. माझ्याकडून तर गेला ना. माझ्या मनाला आता काही नाही."

रुचिकाला त्या क्षणी तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ही त्यांची साक्षरता. आपल्या डोळ्यांसमोरची घाण दिसेनाशी झाली की जगातली घाण संपली. वर मनाची शांती.

"आणि ती ओळ?"

"वाद कशाला वाढवायचा? नंदकिशोर चिडका माणूस आहे. उद्या म्हणतील, मग आधी पाठवलात कशाला? लोक दोन दिवसांत विसरतात. पार्वतीला म्हणावं, थोडे दिवस दम धर."

"मासळी दम धरत नाही काकू," असं म्हणून रुचिका उठली. काकूंनी पुढे केलेला चहा तसाच राहिला.

गुरुवारी सरांनी फळ्यावर त्या पायऱ्या लिहिल्या. रुचिकाने वहीत एवढंच लिहिलं की हे शिकवायचंय कोणाला आणि शिकवतायत कोणाला. मग तेही खोडलं, कारण तिच्या बाजूला बसलेला मुलगा तेव्हाच कुणाच्या तरी साखरपुड्याचा फजितीचा व्हिडिओ चार जणांना पाठवत होता. म्हातारे तसे आणि तरणेही तसेच. थांबा, बघा, पडताळा. कोण थांबतंय इथे?

शुक्रवारही कोरडा गेला. शनिवारी दुपारी पार्वतीच्या फोनवर एक आवाजी मेसेज आला. तिने तो ऐकला, पुन्हा ऐकला, मग रुचिकाला हाक मारून फोन तिच्या पुढ्यात ठेवला. आवाज टिपणीस काकूंचा होता, गोड, घाईचा.

"पार्वती, मृणालिनी बोलतेय गं. रुचिका येऊन गेली, जरा तापली होती, असू दे, तरुण रक्त आहे. तुझी मासळी खराब नसते हे मला का सांगायला हवं? इतकी वर्षं खातेय. त्या बाटलीत पाणीच असतं, माझ्याच स्वयंपाकघरातल्या नळाचं भरून नेतेस की तू. पण आता ग्रुपवर काय लिहिणार, विषय फार वाढलाय. बरं ऐक, उद्या निहार येतोय पुण्याहून. त्याला भरलेली पापलेटं हवीत, दुसऱ्या कुणाची त्याला चालत नाहीत. दोन मोठी बघून ठेव. गेटवर नको येऊस, मागच्या गल्लीत बेकरीपाशी थांब, मी खाली येईन. आणि काळ्या पिशवीत बांध हं, दिसायला नको."

बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं.

"ऐकलंस?" पार्वती म्हणाली. "माजी मासली खाणार. माजा तोंड नको."

रुचिकाने फोन उचलला. या एका मेसेजात सगळं होतं. ज्या बाईने व्हिडिओ पाठवला तिच्याच तोंडून आई निर्दोष होती, नळासकट. दिशाला पाठवायचा अवकाश, दिशा ग्रुपवर टाकेल, चव्वेचाळीस घरांना कळेल. तिने अंगठा नेला आणि तो वरच अडला. काकूंनी हे आईला एकटीला पाठवलं होतं. खासगी बोलणं, संमती, संदर्भ; वर्गातले सगळे शब्द नको त्या वेळी धावून आले. आपण अडलो याचाच तिला संताप आला. नंदकिशोरचा अंगठा अडला होता का?

"काय झाला?" पार्वतीने विचारलं.

"हे तिने तुला विश्वासाने पाठवलंय आई. तिला न विचारता टाकलं तर मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

पार्वतीने जरा विचार केला. "मंग इचार तिला. आपन पाटीमागं काय करत नाय. तोंडावर बोल."

रुचिकाने फोन लावला. "काकू, रुचिका. तुमचा मेसेज मी ऐकला. आज संध्याकाळपर्यंत तुम्ही ग्रुपवर खरं लिहा. नाही लिहिलंत तर हा आवाज ग्रुपवर जाईल."

पलीकडून काकूंचा आवाज आला, पण त्यातली साखर गेली होती. "ही धमकी आहे का?"

"हो."

"तुझ्या आईसाठी मी काय काय केलंय विसरलीस? तुझ्या दहावीला पेढे कोणी वाटले?"

"तुम्हीच. म्हणून आधी फोन केला."

काकूंनी फोन ठेवला. संध्याकाळी दिशाने ग्रुपवरच्या मेसेजचा फोटो पाठवला. काकूंनी लिहिलं होतं: 'रविवारचा व्हिडिओ मला आला तसा पुढे पाठवला होता. कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व. चूकभूल द्यावी घ्यावी.' शेवटी हात जोडलेले.

पार्वतीचं नाव नाही. बाटली नाही. पाणी नाही. रुचिकाने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाचता वाचता तिला रडू फुटलं, दुःखाचं नव्हे, निव्वळ रागाचं. भावना कुणाच्या दुखावल्या होत्या? धंदा बुडाला होता. तोंड काळं झालं होतं. आणि ही बाई लग्नपत्रिकेत लिहावं तसं चूकभूल लिहून मोकळी.

पार्वतीने हातातली भाजी बाजूला ठेवली.

"तिनं माजे हात न बघता पाठवले," ती म्हणाली. "तू तिचा आवाज सगला ऐकून पाठव. पाठव गो."

रुचिकाने मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा ऐकला. काही कापलं नाही, काही जोडलं नाही. मग दिशाला पाठवला. दिशाने विचारलं, "नक्की टाकू? माझी आई मला मारेल यार." रुचिकाने लिहिलं, "टाक." तिने टाकला.

रात्री जेवणं व्हायच्या आत ग्रुप उलटला. ज्यांनी 'थँक्यू नंदूजी' लिहिलं होतं त्यांनीच 'टिपणीसबाई, हे शोभतं का' असं लिहिलं. कुणी काळ्या पिशवीचं चित्र टाकलं, त्यावर हसणारे चेहरे. कुणीतरी तोच आवाज मागच्या इमारतीच्या ग्रुपवरही पाठवला. काकू ग्रुप सोडून गेल्या. दिशा एकेक बातमी कळवत होती, आणि रुचिकाला वाटलं होतं तेवढा आनंद होईना. कालपर्यंत आईला चावणारी तोंडं आता काकूंना चावत होती, एवढाच बदल. पार्वतीबद्दल अजूनही एक ओळ कुणी लिहिली नव्हती.

नंदकिशोरांचा फोन आला तो थेट पार्वतीला. "अगं, गैरसमज झाला. उद्यापासून ये तू. कागद काढायला सांगितलाय."

"तुम्ही लिहा ग्रुपवर," पार्वती म्हणाली. गिऱ्हाइकांशी ती त्यांच्यासारखं नीट, शुद्ध बोलायची, अगदी रागातही. "माझं नाव लिहा, फोटो टाकलात तो चुकून टाकला म्हणून लिहा. मग येते."

"आता कळलंय ना सगळ्यांना. पुन्हा कशाला?"

"फोटो टाकताना विचारलंत का, कशाला?"

त्यांनी लिहिलं. नाइलाजाने, चार शब्दांत, पण नाव घालून लिहिलं. पार्वतीने रुचिकाकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि मगच झोपली.

रविवारी रुचिका आईबरोबर गेली. शुभांकरच्या गेटवरचा कागद निघाला होता, चिकटपट्टीचे तुकडे तेवढे राहिले होते. वॉचमनने मान खाली घालून गेट उघडलं. सात घरांनी मासळी घेतली, काहींनी गरजेपेक्षा जास्त, आणि सगळ्यांनी काकूंना नावं ठेवत ठेवत घेतली. तिसऱ्या मजल्यावरचं दार बंद होतं. पार्वतीने बेल वाजवली, थोडं थांबली, दाराआड पावलं वाजली आणि थांबली, पण दार उघडलं नाही. निहारसाठी मोठी पापलेटं पाटीत होती. ती मग दुसऱ्याच घरी विकली गेली.

पाटी अजून निम्मी भरलेली होती. दोघी रस्ता ओलांडून पलीकडच्या नव्या टॉवरकडे निघाल्या. तिथे पार्वतीची दोन-तीनच घरं होती, पण मोठी. गेटवरचा वॉचमन नवा होता. त्याने पार्वतीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, खिशातून फोन काढला आणि स्क्रीन तिच्या तोंडासमोर धरली. तेच संगीत, तेच हात, आणि त्यानंतर कुणीतरी जोडलेला नंदकिशोरांनी काढलेला तो फोटो. खाली शुभांकरचं नाव नव्हतं, सुधारणा नव्हती, काही नव्हतं.

"तूच ना ही?" तो म्हणाला. "बाटली दाखव."

रुचिका पुढे सरसावली. "अरे, ते खोटं आहे. सगळं खोटं निघालंय, कालच."

"मला काय माहीत? मला कालच आलंय."

या माणसावर रागावून उपयोग नव्हता, आणि दुसऱ्या कुणावर रागवायचं तर तो समोर नव्हता. आणखी किती गेटांवर हे पोचलंय, कोणाकोणाच्या खिशात आहे, हे तिला कधीच कळणार नव्हतं. पार्वतीने पाटी डोक्यावरून उतरवून गेटच्या कठड्यावर ठेवली, पदराने मान पुसली आणि बाटली काढून वॉचमनच्या हातात दिली.

"पी," ती त्याला म्हणाली.

तो मागे सरकला. पार्वतीने बाटली परत घेतली, झाकण काढून स्वतः दोन घोट प्याली आणि रुचिकाकडे वळली.

"लाव गो तो आवाज. याला पहिल्यापासून सांगूया."

रुचिकाने फोन काढला आणि सांगायला सुरुवात केली.